गवत कापायच्या यंत्राचा हिशोब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला 'सोसायटीचे आर्थिक व्यवहार : काही आठवणी' असा विषय दिला आहे. निवृत्त बँकवाल्याला दुसरा विषय कोण देणार? पण पंचवीस वर्षांचे ताळेबंद वाचून दाखवले तर समोरची मुलं उठून आईस्क्रीमच्या स्टॉलवर जातील आणि त्यांच्या मागोमाग मोठेही. म्हणून आज एकाच खरेदीबद्दल बोलतो. गवत कापायचं यंत्र. आपण ते दोनदा घेतलं. पहिल्यांदा मी चुकलो. त्या चुकीची नोंद प्रोसिडिंग बुकात नाही, ती आज तोंडी करतो.

सन २००० मध्ये सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा सावेडीच्या या भागात आपले ४२ प्लॉट आणि मध्ये १८ गुंठ्यांची मोकळी जागा, एवढंच होतं. आता पत्त्यात आपण अहिल्यानगर लिहितो, तोंडात मात्र नगरच येतं. आपल्या नगरचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जून-जुलैत तोंडाला पानं पुसतो आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवर जे काही द्यायचं ते देऊन जातो. गणपती उठले की मोकळ्या जागेत गुडघाभर गवत. हराळी, मारवेल, कडेनं गाजर गवत, आणि ऑक्टोबरात कुसळी. ज्यांची मुलं त्या काळात क्रिकेट खेळून आली त्यांना मोज्यातली कुसळं काढण्याचा अनुभव आहे.

त्या वेळी एक मावशी यायच्या. मागच्या वस्तीवरून, विळा घेऊन. सकाळी सातला यायच्या आणि दहापर्यंत डोक्यावर भारा घेऊन जायच्या. दोन शेळ्या आणि एक म्हैस होती त्यांची. त्या आपल्याला पैसे देत नव्हत्या, आपण त्यांना देत नव्हतो. सलग सात-आठ वर्षं हे चाललं. आपल्या एकाही जमाखर्चात त्यांचं नाव नाही. मीच लिहीत होतो जमाखर्च, म्हणून खात्रीनं सांगतो.

२००८ साली पाळण्याजवळ घोणस निघाली. सभा बोलावली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की गवत वाढूच द्यायचं नाही, यंत्र घ्या. मी खजिनदार. नोकरीत होतो तेव्हा. राहुरी, शेवगाव, पाथर्डी अशा शाखांतून ट्रॅक्टरच्या कर्जाच्या फायली बघण्यात माझी उमेद गेली. शेतकरी डीलरचं कोटेशन घेऊन यायचा आणि मी त्यातला डाव ओळखायचो. नांगर, ट्रॉली, विमा सगळं आत घालून आकडा फुगवलेला असायचा, नाहीतर बाहेर काढून लहान दाखवलेला असायचा. त्यामुळे आपण यात तयार आहोत असा माझा समज होता. तीन कोटेशनं मागवली, तुलनात्मक तक्ता केला. रकाने पाच : किंमत, कर, वाहतूक, वॉरंटी, पैसे द्यायची मुदत. सर्वांत कमी २२,४०० रुपये. बँकेच्या सवयीनं सर्वांत कमी दरावर बोट ठेवलं आणि सही केली. विक्रेता परगावचा होता. यंत्र मी छापील पत्रकातल्या फोटोत पाहिलं होतं.

पुढं काय झालं ते जुन्या सभासदांना आठवत असेल. ते यंत्र सपाट, मऊ हिरवळीसाठी होतं. आपली जमीन मुरमाची. चाकं एवढीशी, ती मुरमात रुतायची. पातं वर-खाली करायचा खटका दुसऱ्याच महिन्यात अडकला. सप्टेंबरात पात्याखाली दगड आला, तो उडून एका घराच्या काचेवर गेला. काच फुटली, आणि काचेमागे अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत एक वर्षाचं बाळ बसलेलं होतं. दांडा वाकला. सुटा भाग नगरला मिळेना, विक्रेता फोन उचलेना. दुसऱ्या पावसाळ्यात ते पंपाच्या खोलीत गेलं आणि तिथंच राहिलं. दरवर्षी मी त्याचा घसारा काढत होतो. शेवटी ११०० रुपयांना भंगारात दिलं.

इथपर्यंतची चूक पैशाची आहे आणि ती माझ्यासारख्या माणसानं करू नये अशी आहे. पण खरी चूक वेगळीच.

यंत्र आलं त्या आठवड्यात वॉचमननं मावशींना गेटवर थांबवलं. आता मशीन आलं, तुम्ही येऊ नका. त्याला तसं सांगायला कुणी सांगितलं? मीच. यंत्र घेतल्यावर बाहेरचा माणूस आत कशाला, असा माझा विचार. त्या काही बोलल्या नाहीत. विळा पदराखाली धरला आणि गेल्या. पुढं यंत्र बंद पडलं तेव्हा गवत कापायला आपण दरसाल पाच-सहा हजार रुपये मजुरी देऊ लागलो, आणि कापलेलं गवत पेटवून देऊ लागलो.

मित्रहो, मी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला माणूस आहे. एकवीस वर्षांचा होतो, नगर कॉलेजात शिकत होतो. सुट्टीला गावी गेलो तर आमचे दोन्ही बैल नव्हते. चाऱ्यापायी वडिलांनी मिळेल त्या किमतीला विकले होते. घरातली माणसं खडी फोडायला जात होती आणि मिलोची लाल भाकरी खात होती. २०१२-१३ ला याच जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, २०१८-१९ ला पुन्हा लागल्या. इथून जवळच्या हिवरे बाजारनं डोंगरावर चराईबंदी केली, पण गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली. गवत राहिलं आणि जनावरंही राहिली. आणि आम्ही शिकलेली माणसं छावण्यांच्या बातम्या वाचत, चहा पीत, मोकळ्या जागेतलं गवत जाळत होतो. माझ्या तक्त्यात पाच रकाने होते. आज जे चाललंय त्याची किंमत काय, हा सहावा रकाना नव्हता.

आता थोडं हसण्यासारखं सांगतो, कारण मुलं कंटाळली.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडं अमेरिकेत ओहायो राज्यात होतो. तिचं आवार दीड एकर. म्हणजे साठ गुंठे, आणि त्यात ज्वारी नाही, भुईमूग नाही, सगळं नुसतं गवत! ते आठवड्याला कापावं लागतं. वाढलं तर नोटीस येते. गवत वाढलं म्हणून नोटीस येते आणि कापलं की खायला कुणी नसतं, हे मला समजून घ्यायला आठ दिवस लागले. बरं, इंग्लंडातसुद्धा यंत्र यायच्या आधी हिरवळ राखायला विळे, कोयते आणि मेंढ्याच होत्या. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या माणसानं कापड गिरणीत कापडावरची लव कातरायचं यंत्र बघितलं आणि त्यावरून गवत कापायचं यंत्र केलं.

जावईबापूंचं जुनं यंत्र मोडलं होतं. त्यांना 'झीरो टर्न' घ्यायचं होतं. हे बसून चालवायचं यंत्र. त्याला स्टिअरिंग नाही, दोन लांब दांडे असतात. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप. एक दांडा पुढं आणि एक मागं केला की यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. पुढची चाकं दवाखान्यातल्या स्ट्रेचरसारखी, नुसती फिरणारी. दुकानात हिरव्या-पिवळ्या रंगाची जॉन डिअरची यंत्रं बघून मला बरं वाटलं. त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आपल्या नगर-पुणे रस्त्यावर सणसवाडीला आहे.

दोन दुकानांची कोटेशनं आली. पहिलं मोठं, हायवेवरचं. किंमत ४,२९९ डॉलर, शून्य टक्के व्याजानं ४८ हप्ते. जावईबापू खूश. मी म्हटलं, "रोख दिले तर किती?" विक्रेता म्हणाला, ४०० कमी, म्हणजे ३,८९९. मी कागद घेतला. ३,८९९ ची वस्तू, हप्ता साधारण ८९ डॉलर ५६ सेंटचा, ४८ महिने. व्याजाचा दर निघाला वर्षाला पाच टक्क्यांच्या जवळ. त्यात कागदपत्रांचा खर्च धरला तर आणखी वर. याला ते शून्य म्हणत होते! आपल्याकडेसुद्धा फ्रिज-मोबाइलच्या दुकानांत असा शून्याचा बाजार जोरात होता. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळवलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी ते परिपत्रक वाचून मला बरं वाटलं होतं. तरुण मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं : कुणी बिनव्याजी हप्ते म्हटलं की पहिला प्रश्न, "रोखीनं किती?" जो फरक निघतो तेच व्याज.

मग तो म्हणाला, ४२ इंचीऐवजी ५४ इंची घ्या, काम लवकर होतं. मी मुलीला टेप घेऊन मागच्या फाटकाकडं पाठवलं. फाटक ४८ इंची. ५४ इंची यंत्र घेतलं असतं तर मागचं गवत कापायला आधी कुंपण पाडावं लागलं असतं.

दुसरं दुकान लहान, बाप आणि मुलगा चालवणारे, मागंच त्यांचं वर्कशॉप. त्यांचे ४,१५० डॉलर. म्हणजे २५१ डॉलर जास्त. पण म्हातारा म्हणाला, "आधी तुमची जमीन बघतो." घरी आला, सगळं आवार पायी फिरला. मागं ओढ्याकडं उतार आहे, तिथं थांबला. म्हणाला, "इथं हे यंत्र आणायचं नाही." कारण विचारलं तर नीट समजावलं. पुढची चाकं मोकळी असतात, वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. ओल्या गवतावर ती घसरली की वळताही येत नाही आणि थांबताही येत नाही, यंत्र माणसासकट खाली जातं. तेवढा पट्टा हातयंत्रानं कापा, नाहीतर झाडं लावा. पहिल्या दुकानदारानं जमीन सपाट आहे की उताराची, हे विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच्याकडं बिघडलं तर यंत्र स्वतः चाळीस मैलांवर नेऊन द्यायचं होतं. हा मात्र घरून न्यायला आणि परत आणून द्यायला तयार.

आम्ही म्हाताऱ्याकडून घेतलं. २००८ च्या मी मात्र पहिल्याकडून घेतलं असतं, तेही ५४ इंची. जो विक्रेता "हे इथं वापरू नका" असं सांगतो, त्याचं वाक्य २५१ डॉलरला महाग नाही. ज्याच्यासाठी घेतलं तो जावई आणि त्याच्या मांडीवर बसायचा हट्ट करणारा आमचा नातू आहे, हे तेव्हा डोळ्यांसमोर होतं. काचेमागचं ते बाळही होतं. नातवाला यंत्रावर कधीही बसवायचं नाही, हेही त्या म्हाताऱ्यानंच बजावलं.

परत आलो. २०२४ च्या वार्षिक सभेत पुन्हा यंत्राचा विषय निघाला. तरुण मंडळींनी मोबाइलवर झीरो टर्नचे व्हिडिओ पाहिलेले. "काका, तुम्ही तर तिकडं बघून आलात, तसलंच घेऊ." त्यांच्या उत्साहाचं मला कौतुक वाटलं. पण आधी हिशोब केला. १८ गुंठे म्हणजे १९,६०२ चौरस फूट. मागं चालत ढकलायचं २१ इंची यंत्र घेतलं, तर सगळी जागा एकदा कापायला साधारण साडेतीन किलोमीटर चालावं लागतं. वळणं धरून दीड तास. पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत फार तर दहा वेळा. वर्षाला पंधरा तासांच्या कामासाठी लाखांतलं, बाहेरून मागवायचं यंत्र? शिवाय आपल्याकडं झाडं, पाळणे, बाकं. दीड एकराची उघडी हिरवळ कुठं आणि आपण कुठं! तरुणांनीच मग हसून तो विषय सोडला.

भाड्यानं कापून घ्यायचं की विकत घ्यायचं, हेही मांडलं. ब्रश कटरवाला एका खेपेचे १८०० मागत होता. आठ खेपा धरल्या तर १४,४०० रुपये. यंत्र ४१,५०० चं, सात वर्षं टिकलं असं धरलं तर वर्षाला सहा हजारांच्या आत, पेट्रोल-सर्व्हिसिंगचे चार हजार, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. फरक वर्षाला साडेचार हजारांचा, घरटी शंभर रुपयांच्या जरा वर. यावर आपण दोन सभा भांडलो आहोत, हे नव्या सभासदांना सांगून ठेवतो. सिंकिंग फंडाला मात्र हात लावायचा नाही, यावर एकमत झालं. तो फंड इमारतीसाठी असतो, गवतासाठी नाही.

तीन जणांची उपसमिती नेमली. मी, एमआयडीसीत इंजिनिअर असलेली आपली एक सूनबाई, आणि आपले माळीमामा. मामांना समितीत घ्यायला काहींची हरकत होती. ती मी ऐकली नाही. चालवणार ते, मग ठरवायला आम्ही दोघंच कसे? अट एकच घातली, की यंत्र दुकानात दाखवायचं नाही, आपल्या जागेवर आणून आपल्या गवतात चालवून दाखवायचं. एक विक्रेता आलाच नाही. त्याचं कोटेशन सर्वांत कमी होतं, ३८,५०० रुपये. २००८ साली याच माणसाला मी ऑर्डर दिली असती. दुसऱ्याचं ४६,००० चं यंत्र देखणं होतं, पण मामांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि म्हणाले, "ओट्यावर चढवायला दोन माणसं लागतील. मी एकटा असतो." एवढ्यावर ते बाद. आमच्या दोघांच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. तिसरा नगरचाच, ४१,५०० वाला. त्यानं मामांना पातं काढून, घासून, पुन्हा बसवून दाखवलं, मग मामांकडून तसंच करवून घेतलं. त्याच्याशी किमतीत घासाघीस केली नाही. त्याऐवजी एक जादा पातं, दोन सर्व्हिसिंग आणि मागच्या बाजूची रबरी झडप एवढं पदरात पाडून घेतलं. झडप कशासाठी, तर दगड उडाला तर अडावा म्हणून. कापायच्या आधी मामा सगळ्या जागेतले दगड वेचतात आणि मुलांना बाहेर काढतात. मुलांनो, त्या वेळी मामांशी हुज्जत घालायची नाही. ते का, हे तुम्हाला आता कळलं.

राहिला सहावा रकाना.

मी वस्तीवर गेलो. मावशी आता साठीच्या पुढं गेल्यात. म्हैस नाही, शेळ्या पाच आहेत. मी म्हटलं, यंत्रानं कापलेलं गवत तुम्हाला पोत्यात भरून पाठवू का? त्या म्हणाल्या, "साहेब, मशिनीचं गवत शेरडं खात न्हाईत. भुगा होतो त्याचा. पोत्यात घातलं की तासा-दोन तासात गरम लागतं, आंबतं. पोट फुगलं तर शेरडू जायचं माझं." मी बँकेत शेळ्यांना कर्जं दिली होती, पण हे मला माहीत नव्हतं. मग मी पैशाचं विचारलं, मागच्या बाजूचं विळ्यानं कापून द्याल तर रोजंदारी देऊ. त्यावर म्हणाल्या, "पैशाचं बघा तुमचं. मला गेटवर अडवू नका, येवढं करा." सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या. मीही नव्हतो, पण मला ती बोलून दाखवायला सोळा वर्षं लागली. त्या दिवशी तिथं ओट्यावर बसून, चुकलं म्हणालो. त्यांनी चहा केला.

त्यानंतर सभेत ठराव झाला. पुढच्या बारा गुंठ्यांत यंत्र चालेल. मागच्या सहा गुंठ्यांत मारवेल वाढू द्यायचा, गाजर गवत मुळासकट उपटायचं, आणि जुलै ते डिसेंबर मावशींनी विळ्यानं कापून न्यायचं. गाजर गवत उपटायची मजुरी सोसायटीनं द्यायची. ठराव लेखी हवा, असा आग्रह मी धरला. तोंडी शब्दावर आलेल्या माणसाला तोंडी शब्दावरच घालवता येतं, ते मी करून बसलो होतो. दोन सभासदांनी विरोधात मत दिलं. त्यांना सापाची काळजी आहे आणि ती खोटी नाही. म्हणून मागच्या भागाला जाळी लावली आहे, आणि पुढच्या वर्षी विषय पुन्हा सभेपुढं ठेवायचा आहे. मत मांडायला त्यांनी जरूर यावं.

आज मावशींना कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं होतं. सकाळी निरोप आला, शेळी व्यायली, दोन करडं झाली, यायला जमणार नाही. मला वाटतं, आपल्या रौप्यमहोत्सवाला हा शुभशकुनच आहे.

खजिनदारपदावर आता तरुण माणूस आहे. त्याला एवढंच सांगतो. तुलनात्मक तक्ता जरूर कर. पण सही करण्यापूर्वी एकदा गेटवर जाऊन बघ, की आपल्या या खरेदीनं कुणाला परत फिरावं लागणार आहे का.